ओळ, तिची लांबी आणि तिची जागा : सी भाषेतील एका प्राथमिक अभ्यासप्रश्नाचे विवेचन

सहायक प्राध्यापक, संगणकशास्त्र विभाग

सारांश :
सी भाषेच्या प्राथमिक अभ्यासक्रमात 'दिलेल्या मजकुरातील सर्वांत लांब ओळ शोधा' हा प्रश्न बहुतेक ठिकाणी शिकविला जातो. प्रश्न वरवर सोपा आहे. परंतु ओळ कोठे संपते, मजकूर कोठे संपतो, ओळीसाठी राखलेली जागा संपली तर काय करावे आणि लांबी नेमकी कशाची मोजावी, या चार प्रश्नांची उत्तरे दिल्याशिवाय तो बिनचूक सुटत नाही. प्रस्तुत लेखात या चार प्रश्नांचे क्रमाने विवेचन केले आहे. ओळीची मोजणी आणि ओळीची साठवण ही दोन स्वतंत्र कामे आहेत, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन होय. हाच विचार पुढे देवनागरी मजकुराला लागू केला असून, बाइट, संकेतांक आणि अक्षर या तीन वेगवेगळ्या मापांचा परिचय करून दिला आहे.

बीजशब्द : सी भाषा, ओळ, ॲरे, मर्यादा-तपासणी, देवनागरी, युनिकोड.

१. प्रस्तावना

डेनिस रिची यांनी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९७० च्या दशकाच्या प्रारंभी सी ही भाषा निर्माण केली. ब्रायन कर्निगन आणि डेनिस रिची यांचे 'द सी प्रोग्रॅमिंग लँग्वेज' हे पुस्तक १९७८ मध्ये प्रसिद्ध झाले व त्याची दुसरी आवृत्ती १९८८ मध्ये निघाली. या पुस्तकाच्या पहिल्याच प्रकरणात, चिन्हांच्या ॲरेची ओळख करून देताना, लेखकांनी सर्वांत लांब ओळ शोधणारा प्रोग्राम दिला आहे. दुसऱ्या आवृत्तीतील अभ्यासप्रश्न १-१६ मध्ये त्याच प्रोग्रामचा मुख्य भाग सुधारण्यास सांगितले आहे. ओळ कितीही लांब असली तरी तिची लांबी बरोबर छापली जावी आणि मजकूर शक्य तितका छापला जावा, अशी त्यात अपेक्षा आहे.

प्रात्यक्षिकाच्या तासाला या प्रश्नाचे उत्तर अनेकदा एका ओळीत दिले जाते : ॲरेचा आकार १००० ऐवजी १०००० करावा. या उत्तराने प्रश्न सुटत नाही, फक्त पुढे ढकलला जातो. तो का सुटत नाही हे समजून घेणे, हेच या अभ्यासप्रश्नाचे खरे शैक्षणिक मूल्य आहे.

२. उद्दिष्टे

१) 'ओळ' या संकल्पनेचे संगणकातील स्वरूप स्पष्ट करणे.
२) पुस्तकातील मूळ प्रोग्रामची रचना व तिच्या मर्यादा दाखविणे.
३) मोजणी आणि साठवण वेगळी करणारी सुधारित रीत मांडणे व तिची तपासणी करणे.
४) मराठी मजकुराच्या संदर्भात 'लांबी' या संज्ञेचा विचार करणे.

प्रस्तुत लेखात 'चिन्ह' हा शब्द संगणकाने वाचलेल्या एका बाइटसाठी वापरला आहे. 'अक्षर' हा शब्द मात्र मराठी वाचक ज्या अर्थाने वापरतो त्याच अर्थासाठी राखून ठेवला आहे. हा भेद पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

३. ओळ म्हणजे काय ?

कागदावर ओळ डोळ्यांना दिसते. संगणकाच्या फाइलमध्ये मात्र ओळ नावाची वेगळी वस्तू नसते. तेथे चिन्हांचा एकच सलग प्रवाह असतो आणि त्यात मधूनमधून 'नवओळ' हे एक चिन्ह येते, ज्याचा आस्की संकेतांक १० आहे. दोन नवओळ-चिन्हांमधील मजकुराला आपण संकेताने ओळ म्हणतो. म्हणून ओळ 'मिळत' नाही. ती प्रवाहातून एकेक चिन्ह वाचून घडवावी लागते. सी भाषेत हे वाचन गेटचार या फंक्शनद्वारे होते.

येथे दोन बारकावे लक्षात घेतले पाहिजेत. पहिला असा की, निरनिराळ्या प्रणालींत ओळीचा शेवट वेगळ्या रीतीने नोंदविला जातो. युनिक्स व लिनक्समध्ये संकेतांक १० पुरेसा असतो. डॉस व विंडोजमध्ये १३ आणि १० अशी जोडी असते. विंडोजवर फाइल मजकूर-पद्धतीने उघडल्यास ही जोडी वाचताना आपोआप एकाच नवओळ-चिन्हात बदलते. परंतु तीच फाइल लिनक्सवर वाचली तर १३ हे न दिसणारे चिन्ह ओळीतच राहते आणि प्रत्येक ओळ एकाने लांब भरते.

दुसरा बारकावा मजकुराच्या शेवटाविषयी आहे. फाइलचा शेवट हे फाइलमधील चिन्ह नव्हे. वाचण्यासारखे काही उरले नाही हे कळविण्यासाठी गेटचार एक ऋण संख्या परत करते. तिला ईओएफ असे नाव आहे व ती सामान्यतः −१ असते. बाइटची किंमत ० ते २५५ या कक्षेत असते. या २५६ किमती आणि त्यांच्याबाहेरची एक सूचना अशा एकूण २५७ शक्यता सामावून घ्यायच्या असल्यामुळे गेटचारचे उत्तर इंट प्रकारच्या व्हेरिएबलमध्येच ठेवावे लागते. ते कॅरॅक्टर प्रकारात ठेवले तर काही यंत्रांवर २५५ या किमतीचा बाइट आणि फाइलचा शेवट यांत फरक उरत नाही. ज्या यंत्रांवर हा प्रकार चिन्हरहित असतो तेथे शेवट कधीच ओळखला जात नाही आणि लूप थांबत नाही.

४. पुस्तकातील प्रोग्रामची रचना

मूळ प्रोग्रामचे तीन भाग आहेत. गेटलाइन हे फंक्शन एक ओळ वाचून ॲरेत ठेवते व तिची लांबी परत करते. कॉपी हे फंक्शन एका ॲरेतील मजकूर दुसऱ्या ॲरेत उतरविते. मेन या मुख्य भागात, नवी ओळ आतापर्यंतच्या सर्वाधिक लांबीपेक्षा मोठी असेल तर तिची प्रत जपून ठेवली जाते. ॲरेचा आकार १००० आहे.

कामाची ही विभागणी विद्यार्थ्याने नीट पाहावी. सी भाषेत फंक्शनला ॲरे दिला असता त्याची प्रत जात नाही, फक्त त्याचा पत्ता जातो. पत्त्यावरून त्या ठिकाणी किती जागा आहे हे फंक्शनला कळण्याचा मार्ग नाही. म्हणूनच गेटलाइनला ॲरेबरोबर मर्यादाही वेगळी सांगावी लागते.

गेटलाइनमधील लूप तीन अटींवर चालतो : जागा शिल्लक आहे, मजकूर संपलेला नाही आणि नवओळ आलेली नाही. या अटींचा क्रम हेतुपूर्वक ठरविलेला आहे. जागेची अट आधी तपासली जाते. ती खोटी ठरली तर सी भाषेच्या नियमानुसार पुढच्या अटी तपासल्याच जात नाहीत व म्हणून पुढचे चिन्ह वाचलेही जात नाही. क्रम उलटा केला तर एक चिन्ह वाचले जाईल, पण ते ठेवण्यास जागा नसल्यामुळे हरवेल.

ओळीच्या शेवटी शून्य किमतीचे एक चिन्ह ठेवले जाते, कारण मजकूर कोठे संपला हे सी भाषेत त्यावरूनच ओळखतात. त्यामुळे १००० घरांच्या ॲरेत जास्तीत जास्त ९९९ चिन्हे मावतात.

आणखी एक योजना पाहण्यासारखी आहे. हे फंक्शन नवओळ-चिन्हही लांबीत मोजते. त्यामुळे पूर्ण रिकाम्या ओळीचीही लांबी १ भरते आणि ० ही किंमत 'मजकूर संपला' हे सांगण्यासाठी मोकळी राहते. योजना सुटसुटीत आहे, पण तिच्यात एक उणीव दडलेली आहे. फाइलच्या शेवटच्या ओळीनंतर नवओळ नसेल तर ती ओळ एकाने कमी मोजली जाते. समजा, आधीच्या एका ओळीत १० चिन्हे व नवओळ आहे, आणि शेवटच्या ओळीत ११ चिन्हे आहेत पण नवओळ नाही. दोन्हींची लांबी ११ येते. नवी ओळ 'मोठी' असेल तरच स्वीकारायची असल्यामुळे खरोखर लांब असलेली शेवटची ओळ नाकारली जाते.

५. जागा संपल्यावर काय होते ?

ओळ ९९९ चिन्हांपेक्षा लांब असेल तर गेटलाइन सुरक्षितपणे थांबते. ॲरेच्या बाहेर ती लिहीत नाही. मात्र ओळीचा उरलेला भाग प्रवाहातच राहतो आणि पुढच्या वेळी तो स्वतंत्र ओळ म्हणून वाचला जातो. याचा परिणाम एका उदाहरणाने स्पष्ट होईल.

एका फाइलमध्ये दोनच ओळी आहेत. नवओळ धरून पहिली १२०० चिन्हांची व दुसरी १५०० चिन्हांची आहे. प्रोग्रामला मात्र चार 'ओळी' दिसतात : ९९९, २०१, ९९९ आणि ५०१. पहिला ९९९ चा तुकडा जपून ठेवला जातो. तिसरा तुकडा त्याच्याएवढाच असल्यामुळे त्याची जागा घेत नाही. शेवटी प्रोग्राम पहिल्या ओळीचा तुकडा छापतो, म्हणजे जी ओळ सर्वांत लांब नाही तिचा तुकडा उत्तर म्हणून देतो. प्रोग्राम अडत नाही, चूक दाखवीत नाही, सूचनाही देत नाही. उत्तर चुकीचे आहे हे केवळ उत्तराकडे पाहून कळू शकत नाही.

ॲरेचा आकार दहापट केला तरी हीच स्थिती दहापट लांबीच्या ओळीवर पुन्हा उद्भवते. पुस्तकाच्या लेखकांनी ही अडचण लपविलेली नाही. परत आलेली लांबी आणि शेवटचे चिन्ह तपासून मेनला ओळ अपुरी वाचली गेल्याचे ओळखता येईल, असे ते नमूद करतात आणि केवळ थोडक्यात सांगण्यासाठी तो भाग सोडल्याचेही सांगतात. सोडलेला हा भागच अभ्यासप्रश्नाने विद्यार्थ्याकडे सोपविला आहे.

६. मोजणी आणि साठवण यांची फारकत

अभ्यासप्रश्नाच्या शब्दांना धरून फक्त मेनमध्ये बदल करावयाचा असेल तर रीत अशी : तुकड्याचे शेवटचे चिन्ह नवओळ नसेल तर ओळ संपलेली नाही असे समजावे, नवओळ येईपर्यंत किंवा ० परत येईपर्यंत पुढील तुकड्यांच्या लांबीची बेरीज करीत राहावे. पहिला तुकडा मात्र लगेच वेगळ्या ॲरेत उतरवून ठेवावा लागतो, अन्यथा दुसरा तुकडा त्याच्यावर लिहिला जातो.

ही रीत बरोबर आहे. परंतु वाचन-फंक्शनच्या अंगातच सुधारणा केली तर विचार अधिक स्पष्ट होतो. मूळ फंक्शनमध्ये एकच गणक दोन कामे करतो : किती चिन्हे आली हे मोजतो आणि पुढचे चिन्ह कोणत्या घरात ठेवायचे हेही सांगतो. ही दोन कामे जागा संपेपर्यंत एकत्र चालतात. जागा संपताच त्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या पाहिजेत. म्हणून दोन गणक घ्यावेत. रीत मराठीत अशी मांडता येईल :

मोजणी = ०; साठा = ०
पुढचे चिन्ह वाचा. ते ईओएफ नसेल व नवओळ नसेल तोपर्यंत पुढील दोन कृती करीत राहा :
 (अ) साठा < मर्यादा − १ असेल तर ते चिन्ह ओळ[साठा] मध्ये ठेवा आणि साठा एकाने वाढवा
 (आ) मोजणी एकाने वाढवा
ओळ[साठा] मध्ये शून्य-चिन्ह ठेवा
वाचन ईओएफमुळे थांबले असेल आणि मोजणी ० असेल तर −१ परत करा
अन्यथा मोजणी परत करा

येथे नवओळ मोजलेली नाही व साठविलेलीही नाही. त्यामुळे शेवटच्या ओळीबाबतची उणीव दूर होते. परंतु आता रिकाम्या ओळीची लांबी ० होते, म्हणून शेवटाची सूचना देण्यास ० वापरता येत नाही. त्यासाठी −१ घ्यावा लागतो. त्याच कारणाने मेनमध्ये 'सर्वाधिक' या व्हेरिएबलची आरंभीची किंमतही −१ ठेवावी. तसे केल्यास केवळ रिकाम्या ओळी असलेली फाइल आणि पूर्ण रिकामी फाइल यांत भेद करता येतो. एक निर्णय बदलला की त्याच्याशी जोडलेले इतर निर्णयही तपासावे लागतात, हा धडा विद्यार्थ्याला येथे सहज मिळतो.

या रीतीचा मुख्य लाभ असा की, परत आलेली मोजणी मर्यादेइतकी किंवा अधिक असेल तर ओळ कापली गेली आहे हे मेनला निश्चित कळते. तसे असल्यास छापताना 'ओळ अपुरी दाखविली आहे' अशी सूचना द्यावी. ज्या यंत्रणेत इंट दोन बाइटचा असतो, उदाहरणार्थ जुन्या टर्बो सी मध्ये, तेथे मोजणी ३२७६७ च्या पुढे जाऊ शकत नाही; म्हणून मोजणीसाठी लाँग प्रकार घेणे इष्ट.

आधुनिक लिनक्सवर पुस्तकातील प्रोग्राम जसाच्या तसा दिल्यास कंपायलर बहुधा नाव-संघर्षाची चूक दाखवितो. याचे कारण असे की, गेटलाइन याच नावाचे वेगळे फंक्शन २००८ च्या पॉसिक्स मानकात समाविष्ट झाले आहे. विद्यार्थ्याने आपल्या फंक्शनचे नाव बदलले की अडचण दूर होते.

७. लहान मर्यादेवर तपासणी

हजार चिन्हांची ओळ हाताने तपासणे अवघड असते. म्हणून मर्यादा मुद्दाम १० ठेवून पाहावे. सीमेवरील सर्व प्रकार कागदावर सोडविता येतात.

१) रिकामी फाइल : मूळ प्रोग्राम काहीच छापत नाही. सुधारित प्रोग्राम 'ओळ नाही' असे सांगू शकतो.
२) फक्त एक नवओळ : मूळ लांबी १, सुधारित लांबी ०.
३) आठ चिन्हे व नवओळ : मूळ लांबी ९, सुधारित लांबी ८. दोन्हींत ओळ पूर्ण साठते.
४) नऊ चिन्हे व नवओळ : मूळ प्रोग्राम ९ आणि १ असे दोन तुकडे करतो, म्हणजे फाइलमध्ये नसलेली एक रिकामी ओळ निर्माण होते. सुधारित लांबी ९, ओळ पूर्ण.
५) तेरा चिन्हे व नवओळ : मूळ प्रोग्राम ९ आणि ५ असे तुकडे करतो. सुधारित लांबी १३, साठा पहिल्या ९ चिन्हांचा, ओळ कापल्याची सूचना.
६) शेवटची ओळ, आठ चिन्हे, नवओळ नाही : दोन्हींत लांबी ८, परंतु मूळ प्रोग्राममध्ये हीच ओळ नवओळीसह आली तर ९ भरते.

चौथा प्रकार विशेष उद्बोधक आहे. एका चिन्हाच्या फरकाने चूक दिसते किंवा लपते. म्हणून तपासणीसाठी मर्यादेच्या अलीकडची, मर्यादेवरची आणि पलीकडची अशा तिन्ही ओळी घेणे आवश्यक आहे.

८. मर्यादा न पाळण्याची किंमत

मूळ प्रोग्राम चुकीचे उत्तर देत असला तरी राखलेल्या जागेबाहेर लिहीत नाही. सी भाषेच्या ग्रंथालयातील गेट्स या फंक्शनला मात्र मर्यादा सांगण्याची सोयच नव्हती. ओळ ॲरेपेक्षा लांब आली तर ते शेजारच्या स्मृतीवर लिहीत जाई.

याचे गंभीर परिणाम २ नोव्हेंबर १९८८ रोजी दिसून आले. त्या दिवशी इंटरनेटवर सोडण्यात आलेल्या आणि पुढे 'मॉरिस वर्म' या नावाने ओळखल्या गेलेल्या प्रोग्रामने शिरकावासाठी ज्या वाटा वापरल्या, त्यांपैकी एक गेट्समधून जात होती. फिंगर या सेवेतील ५१२ बाइटच्या जागेत त्याने ५३६ बाइटची ओळ पाठविली. जादा बाइट शेजारच्या स्मृतीवर लिहिले गेले आणि यंत्राचा ताबा आलेल्या ओळीकडे गेला. पुढे २०११ च्या सी मानकातून गेट्स हे फंक्शन काढून टाकण्यात आले. त्याऐवजी एफगेट्स वापरावे; ते मर्यादा घेते आणि जागा असल्यास नवओळही ॲरेत ठेवते, त्यामुळे ओळ पूर्ण आली की नाही हे तपासता येते. नवशिक्या विद्यार्थ्यांना आवडणारे स्कॅनएफ हे सामान्य शब्द-वाचनाच्या रूपात पहिल्या रिकाम्या जागेशीच थांबते. ते ओळ वाचत नाही, शब्द वाचते.

९. मराठी ओळीची लांबी

येथपर्यंत एक चिन्ह म्हणजे एक बाइट आणि एक बाइट म्हणजे एक अक्षर असे गृहीत धरले होते. इंग्रजी मजकुरापुरते ते चालते. आपले विद्यार्थी मात्र हाच प्रोग्राम मराठी मजकुरावरही चालवून पाहतात आणि तेथे हे गृहीतक टिकत नाही.

युनिकोडमध्ये देवनागरीतील प्रत्येक स्वर, व्यंजन, स्वरचिन्ह व हलन्तचिन्ह यांना स्वतंत्र संकेतांक आहे. युटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक संकेतांक तीन बाइट घेतो. त्यामुळे एकाच शब्दाच्या तीन लांबी संभवतात. 'मराठी' या शब्दात ३ अक्षरे, ५ संकेतांक आणि १५ बाइट आहेत. 'ज्ञानेश्वरी' या शब्दात ४ अक्षरे, ११ संकेतांक आणि ३३ बाइट आहेत. वर दिलेला प्रोग्राम यांपैकी फक्त तिसरी लांबी सांगतो.

ओळ ओळखण्याचे काम मात्र मराठीतही बिनचूक होते. युटीएफ-८ ची रचना सप्टेंबर १९९२ मध्ये बेल प्रयोगशाळेतील केन थॉम्पसन व रॉब पाइक यांनी केली. थॉम्पसन हे युनिक्सच्या निर्मितीतील रिची यांचे सहकारी होत. अनेक बाइटच्या संकेतांकातील कोणताही बाइट १२८ पेक्षा कमी असत नाही, अशी या रचनेत काळजी घेतलेली आहे. त्यामुळे १० ही किंमत मराठी अक्षराच्या पोटात कधीच सापडत नाही आणि नवओळ शोधणारा जुना लूप न बदलता चालतो.

संकेतांक मोजण्यासाठीही छोटासाच बदल पुरतो. संकेतांकाचा पहिला बाइट सोडून पुढचे सर्व बाइट १२८ ते १९१ या कक्षेत असतात. तेव्हा या कक्षेत नसलेलेच बाइट मोजले की संकेतांकांची संख्या मिळते.

खरी अडचण साठवणीत येते. समजा, एखाद्या नोंदणीच्या प्रोग्राममध्ये नावासाठी ३० घरांचा ॲरे राखला आहे. शेवटचे घर शून्य-चिन्हासाठी गेले की मजकुरासाठी २९ बाइट उरतात. 'ज्ञानेश्वर' या नावात १० संकेतांक, म्हणजे नेमके ३० बाइट आहेत. पहिले नऊ संकेतांक पूर्ण बसतात आणि शेवटच्या 'र' चे दोनच बाइट साठतात. पडद्यावर 'ज्ञानेश्व' आणि त्यापुढे एक निरर्थक खूण दिसेल. भारतीय मानक ब्यूरोच्या १९९१ च्या इस्की संकेतपद्धतीत हेच नाव १० बाइटमध्ये मावत होते. म्हणजे जुन्या पद्धतीसाठी ठरविलेली जागा तशीच ठेवून नवी पद्धत स्वीकारली, तर कोणतीही ओळ न बदललेला प्रोग्राम माणसांची नावे कापू लागतो. चार अक्षरांचे नाव तीस घरांत मावत नाही, हे सांगूनही अनेकांना खरे वाटत नाही. मोजून दाखविले की पटते.

संकेतांक मध्येच तुटू नये यासाठी एक उपाय करता येतो. जागेअभावी न साठविलेला पहिला बाइट १२८ ते १९१ या कक्षेत असेल तर संकेतांक तुटला आहे असे समजावे. मग साठ्याच्या शेवटचे त्या कक्षेतील सर्व बाइट व त्यांच्या आधीचा एक बाइट काढून टाकावा. वरील उदाहरणात यामुळे निरर्थक खूण नाहीशी होईल. नाव मात्र अपुरेच राहील, म्हणून कापल्याची सूचना देणे तरीही आवश्यक आहे.

अक्षराचा प्रश्न याहून खोल आहे. 'ज्ञा' हे एक अक्षर चार संकेतांकांचे आहे व ते 'ज्' आणि 'ञा' असे मधोमध तुटू शकते. युनिकोडच्या अक्षर-विभागणीच्या सर्वसाधारण नियमांतही अशी जोडाक्षरे एकसंध मानण्याची तरतूद देवनागरीसह काही भारतीय लिप्यांसाठी २०२३ च्या १५.१ या आवृत्तीत प्रथम आली. मोबाइलवरील लघुसंदेशातही याच मापांचा प्रत्यय येतो. एका संदेशाची जागा १४० बाइट असते. तीत साध्या इंग्रजीची १६० चिन्हे बसतात, तर मराठीचे ७० च संकेतांक बसतात, कारण तेथे प्रत्येक संकेतांकास दोन बाइट लागतात. मराठी संदेश लवकर संपतो तो भाषेच्या विस्तारामुळे नव्हे, तर मोजण्याच्या मापामुळे.

१०. अध्यापनविषयक सूचना

१) प्रोग्राम लिहिण्यापूर्वी विद्यार्थ्यांकडून 'ओळ', 'लांबी' व 'शेवट' यांच्या व्याख्या लिहून घ्याव्यात.
२) प्रथम मर्यादा १० ठेवून तक्ता हाताने भरून घ्यावा, नंतरच संगणकावर बसवावे.
३) नवओळ नसलेली शेवटची ओळ ही तपासणीत सक्तीची ठेवावी.
४) विद्यार्थ्याने स्वतःचे नाव मराठीत लिहून त्याची अक्षरे, संकेतांक व बाइट मोजावेत. या एका कृतीने ॲरेचा आकार हा विषय मनात पक्का बसतो.
५) प्रोग्रामने उत्तर दिले एवढ्यावर गुण न देता, उत्तर अपुरे असल्यास ते तसे सांगते की नाही हेही पाहावे.

११. निष्कर्ष

सर्वांत लांब ओळ शोधण्याचा अभ्यासप्रश्न हा लूप व ॲरे यांच्या सरावापुरता मर्यादित नाही. ओळ हा प्रवाहावर लादलेला संकेत आहे, फाइलचा शेवट ही चिन्हांबाहेरची सूचना आहे, ॲरेची मर्यादा पाळण्याची जबाबदारी प्रोग्राम लिहिणाऱ्याची आहे आणि लांबी सांगताना माप सांगणे अनिवार्य आहे, या चार गोष्टी त्यातून शिकता येतात. जागा नेहमी मर्यादितच असणार. म्हणून जागा संपली तरी मोजणी थांबू न देणे आणि जे साठविता आले नाही त्याची नोंद देणे, ही या प्रश्नाच्या उत्तराची खरी कसोटी होय. इंग्रजी ओळीवर या कसोटीस न उतरणारा प्रोग्राम चुकीचा आकडा देतो. मराठी नावावर तो नावाचे शेवटचे अक्षर गाळतो. प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याने हा फरक स्वतःच्या नावावर अनुभवला, तर पुढे त्याच्या हातून घडणाऱ्या याद्यांतील आणि नोंदींतील नावे पूर्ण राहतील.